लेकीच्या गावी, आपला कुकर घेऊन

हैदराबादला बेगमपेटच्या विमानतळावर आमच्या दोन बॅगा काट्यावर चढल्या, तेव्हा त्यांतल्या एकीत पाच लिटरचा प्रेशर कुकर होता. शिवाय तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट, दिवाळीचा उरलेला चिवडा आणि एक विजेची शेगडी. काट्यामागच्या बाईंनी विचारलं, "साब, उधर खाना नै मिलता क्या?" मी तोंड उघडायच्या आत सुमन, म्हणजे माझी बायको, बोलून गेली, "मिलता, मगर इनो खाते नै." (मिळतं, पण हे खात नाहीत.) बाई हसल्या. मी उगाच छताच्या पंख्याकडे बघत राहिलो.

हे प्रकरण आधी समजावून सांगतो, नाहीतर पुढचं काही लागायचं नाही.

आमच्या लेकीचं, मुक्ताचं, एका इटालियन मुलाशी लग्न झालं त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. देशाचे दरवाजे उघडले म्हणतात ना, ते आमच्या घरात असे उघडले. आपल्याकडचा काळा ग्रॅनाइट जहाजं भरभरून इटलीला जायला लागला आणि तिकडून दगड कापायची यंत्रं इकडे यायला लागली. मुक्ता अशाच एका दगडाच्या कंपनीत पत्रव्यवहार बघायची, त्यासाठी इटालियन शिकली. यंत्र बसवायला पाओलो नावाचा लांब हातापायांचा तरुण आला. यंत्र तीन आठवड्यांत बसलं, हा सात महिने राहिला. मी चौतीस वर्षं हैदराबादच्या कोर्टात घासलेला वकील, मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मग रीतसर आरडाओरडा झाला, अबोला झाला, आणि शेवटी नोंदणी कचेरीत साक्षीदार म्हणून मीच सही केली. लग्नाबद्दल माझी काही तक्रार उरली नव्हती. निदान मी तसं सगळ्यांना सांगत असे.

नियम वेगळा. आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी जेवायचं नाही. पाणी चालतं, अन्न नाही. एकदा कन्यादान केलं की तिथलं खाणं म्हणजे दिलेलं परत घेणं. तुम्ही म्हणाल, हल्ली कोण पाळतं हे? मी पाळतो. कारण एका माणसाला मी तो पाळताना डोळ्यांनी पाहिलं होतं. माझे सासरे, तात्या, नांदेडला शाळामास्तर होते. वर्षातून दोनदा सकाळच्या गाडीने हैदराबादला काचीगुडा स्टेशनवर उतरायचे, हिमायतनगरला आमच्याकडे येऊन आंघोळ करायचे, लेकीशी गप्पा मारत बसायचे, आणि पानं घ्यायची वेळ झाली की टोपी घालून नारायणगुड्याच्या खानावळीत जायचे. आम्हाला मूल नऊ वर्षांनी झालं. नऊ वर्षांत त्या गृहस्थांनी आमच्या घरचा घास घेतला नाही. मुक्ता जन्मायच्या चार महिने आधी ते गेले. असा तत्त्वाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सुमनलाही त्यांचा मोठा अभिमान आहे, अशी माझी तीस-पस्तीस वर्षांची समजूत होती.

म्हणून मी मुक्ताला कळवलं की आमच्यासाठी गावात वेगळी खोली बघ, नियम तुला ठाऊक आहेच. एरवी चार-चार पानं लिहिणाऱ्या मुलीचं उत्तर एका ओळीचं आलं. "खोली बघितली आहे."

रोमला उतरलो तर कस्टमच्या माणसाने नेमका कुकरच बाहेर काढला. उलटा केला, सुलटा केला, शिट्टी चिमटीत धरून काहीतरी विचारलं. मी इंग्रजीत मुद्देसूद खुलासा सुरू केला. सुमनने मला बाजूला सारलं, त्याच्याकडे बघून "फिस्स्स" केलं, तीन बोटं दाखवली आणि जेवायची खूण केली. तो इतका खूश झाला की पलीकडच्या टेबलावरच्या मित्राला बोलावून त्याने तिच्याकडून पुन्हा एकदा "फिस्स्स" करून घेतलं. माझा खुलासा अर्धाच राहिला.

बाहेर मुक्ता उभी होती. केस कापले होते, गळ्यात लोकरी मफलर. आईच्या गळ्यात पडली आणि माझ्या पाया पडली. पूर्वी माझ्याही गळ्यात पडायची.

रोमहून दोन तास आगगाडी, मग बस. दोन्ही बाजूंना टेकड्या, आणि प्रत्येक टेकडीवर एकेक गाव चढून बसलेलं. खाली सपाट जमीन पडली असताना हे लोक वर का जाऊन बसले, ते मला कळेना. मुक्ता म्हणाली, "पूर्वी लढाया फार. खाली राहिलं की लुटले जायचे." बसमध्ये शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याने तिला विचारलं, कुठले हे? ती म्हणाली, इंडियाचे. त्यावर त्याने आणखी काही विचारलं आणि तिने एका शब्दात उत्तर दिलं. म्हातारा जागेवरून उठला, त्याने माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. मी म्हटलं, "काय झालं गं?" तर म्हणाली, "त्यांनी विचारलं, इतक्या लांबून इथे काय बघायला आलेत? मी म्हटलं, मला."

गावाचं नाव मोंतेफालो. शेवटचं वळण घेतलं आणि ते समोर आलं. पिवळट दगडाची भिंत, तिच्या आत एकाच्या डोक्यावर एक अशी घरं, सगळ्यांत वर चर्चचा मनोरा. गोवळकोंड्याच्या किल्ल्यात अजून संसार चालू असते, खिडक्यांतून चादरी वाळत असत्या, तर तो असाच दिसला असता. वेशीपाशी बस थांबते. पुढे गाडी जात नाही, गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या. कुकरची बॅग घेऊन त्या चढताना मला दम लागला. सुमन मागून म्हणाली, "तत्त्व जड असतं."

मुक्ताचं घर तिसऱ्या वळणावर. खाली स्वयंपाकघर आणि तिच्या सासूबाई, वर ही दोघं. विहीणबाईंचं नाव असुंता. मी त्यांना असुंताबाईच म्हणायला लागलो आणि त्यांनीही ते चालवून घेतलं. बुटक्या, जाड, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दारातच त्यांनी सुमनचे दोन्ही गाल धरून मुके घेतले. मग माझ्याकडे वळल्या. मी लांबूनच नमस्कार केला.

आत टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर नऊ पदार्थ. मी मोजले. अळंब्यांचा पास्ता, लसूण घातलेला पालक, घेवड्याच्या दाण्यांची दाट आमटी, भाजलेल्या मिरच्या, आणखी काय काय. मांस-मच्छीचा मागमूस नाही. बाई तीन दिवस खपत होत्या, असं पाओलो मोठ्या अभिमानाने सांगत होता. मी पाण्याचा पेला उचलला आणि म्हटलं, "आम्ही जेवून आलोय."

मुक्ता मध्ये उभी होती. माझ्या तीन शब्दांचं तिने बरंच लांब भाषांतर केलं. असुंताबाईंनी विचारलं, "व्होतो?" (नवस?) मुक्ता म्हणाली, हो, तसंच काहीतरी. नवस म्हटल्यावर बाईंचा चेहरा मऊ झाला, त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. मग त्यांनी आणखी काही विचारलं. मुक्ताने खाली बघत उत्तर दिलं. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि माझ्यासमोरची ताटली उचलून नेली.

तेवढ्यात सुमनने खुर्ची ओढली आणि बसली. मी म्हटलं, "अगं!" तर म्हणाली, "नियम बापाचा आहे. आईचं त्यात नाव नाही." आणि तिने सरळ पास्ता वाढून घेतला. आता आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं, पानात टाकायचं नाही. तिथली रीत अशी की ताटली रिकामी दिसली म्हणजे पाहुणी भुकेली. सुमन पुसून खायची, बाई भरून टाकायच्या. हे चार वेळा झालं. शेवटी तिने दोन्ही हात ताटलीवर आडवे धरले, तेव्हा कुठे थांबलं. मी पाणी पीत बसलो होतो. अळंब्यांचा वास फार चांगला येत होता, हे लिहायला आता हरकत नाही.

आमची खोली जीनो नावाच्या निवृत्त पोस्टमनच्या घरी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी सुमन लेकीकडे जेवायला गेली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खिचडी लावली. शेगडी पेटली, कुकर चढला, सगळं ठीक. त्या दगडी गल्लीत पहिली शिट्टी झाली मात्र, समोरच्या तीन खिडक्या एकदम उघडल्या. दुसऱ्या शिट्टीला कुठलं तरी कुत्रं रडायला लागलं. तिसरी सुरू झाली आणि फट् आवाज होऊन फ्यूज उडाला. घर अंधारं, शिट्टी अजून चालूच, आणि जीनो पाण्याची बादली घेऊन दारात! मी "नक्को, नक्को!" म्हणून ओरडलो. घाबरलो की आम्हा हैदराबादच्या मराठ्यांच्या तोंडून पुस्तकी 'नको' निघत नाही.

वाफ जिरल्यावर मी झाकण उघडून त्याला खिचडी दाखवली. डाळ थोडी कच्ची होती. मी वर मेतकूट घातलं. जीनोने बोटावर घेऊन चाखलं, विचार केला, आत गेला आणि तेलाची बाटली घेऊन आला. तूप नव्हतंच, त्याने ऑलिव्हच्या तेलाची धार सोडली. आम्ही दोघांनी मिळून ती खिचडी संपवली. तो इटालियन बोलत होता, मी दखनी, आणि कोणाचं काही अडत नव्हतं. मध्येच त्याने खिडकीतून असुंताबाईंच्या छपराकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे, आणि भुवया वर केल्या. मुलगी तिथे, आणि तू इथे? मी म्हटलं, "नियम." तो म्हणाला, "आह." त्या आहमध्ये सहानुभूती होती की चेष्टा, ते मी ठरवलं नाही.

पुढचे दोन दिवस मुक्ता रोज सकाळी मला फिरायला घेऊन जायची. पहाटे खालची दरी धुक्याने भरलेली असे, उतू जायला आलेल्या दुधासारखी, आणि आमचं गाव वर कोरडं. नऊच्या सुमाराला धुकं फाटायचं आणि खाली ऑलिव्हची झाडं दिसायला लागायची, एका बाजूने हिरवी, वारा आला की पांढरी. चौकात (ते पियात्सा म्हणतात) एक कॉफीचं दुकान. मी ऐटीत कॉफी मागवली. आली ती अंगठ्याएवढ्या कपात, तळाशी दोन घोट. आपल्या इराण्याकडे याहून जास्त चहा बशीत सांडतो! दुकानदाराला मी खुणेने विचारलं, बाकीची कुठे आहे? तो एवढा हसला की दुसरा कप फुकट दिला. त्या दोन कपांनी मला रात्री झोप लागली नाही ती गोष्ट वेगळी.

चौथ्या दिवशी आम्ही गावाच्या भिंतीवर बसलो होतो. मुक्ता मला बसचा रस्ता दाखवत होती. दाखवता दाखवता म्हणाली, "बाबा, आणि मूल झालंच नाही तर?"

"होईल गं. दोनच वर्षं झालीत."

"तसं नाही. समजा. कायद्यात 'समजा' असतंच ना?"

"समजा-बिमजा नक्को," मी हसून म्हटलं.

तीही हसली. थोड्या वेळाने म्हणाली, "पाओलोला वाटतं, तुम्हाला तो अजून आवडत नाही."

"खुळा की काय? जावई आहे तो माझा."

"मग त्याला सांगा तसं."

मी म्हटलं, सांगतो. सांगितलं नाही. आणि खरं सांगायचं तर नियमाच्या आडोशाला थोडं ते पण लपलेलं होतं. परका मुलगा, परकी चूल. किती होतं, ते मला तेव्हा बघायचं नव्हतं.

पाचव्या दिवशी ऑलिव्हची तोडणी. तिथली रीत आपल्या सुगीसारखीच. घरातलं प्रत्येक माणूस त्या दिवशी शेतात, पाहुणेसुद्धा. झाडाखाली जाळी पसरायची, आणि शिडीवर चढून छोट्या दंताळ्याने फांद्या विंचरायच्या. फळं टपटप जाळीत पडतात. माझं वय बासष्ट, पण पाओलोने शिडी धरली म्हटल्यावर मीही चढलो. असुंताबाई खालून ओरडत होत्या. मुक्ता म्हणाली, "त्या म्हणतात, वकिलाने हळुवार विंचरावं, झाडाला टक्कल पाडू नये." कोवळं ऊन, बोटांना तेलकट कडवट वास, आणि खाली सुमन ऑलिव्ह निवडता निवडता नांदेडच्या जात्यावरची कुठलीशी ओवी म्हणत होती. कितीतरी वर्षांत मी तिला म्हणताना ऐकलं नव्हतं.

दुपारी असुंताबाईंनी झाडाखाली चादर पसरली आणि मला हाक मारली. आधी त्यांनी वर गावाकडे बोट दाखवलं. "कासा," (घर) म्हणाल्या, आणि तर्जनी नकारार्थी हलवली. मग पायाखालच्या मातीवर थाप मारली. "काम्पो!" (शेत) आणि पाव माझ्या हातात दिला. चार दिवस बाई हाच विचार करत होत्या! मी खरोखर टाळ्या वाजवल्या. "व्वा विहीणबाई! तुम्ही आमच्या कोर्टात वकील असतात तर माझं दुकान बंद पडलं असतं!" निखाऱ्यावर भाजलेला पाव, त्यावर लसूण घासलेला, वर घाण्यातून नुकतंच आलेलं शेजारच्या शेताचं तेल, हिरवंगार, घशाला किंचित झोंबणारं. मी पाच तुकडे खाल्ले. पाओलोचा चेहरा नुसता फुलला होता. मुक्ता मात्र भूक नाही म्हणून लांबच्या झाडाकडे गेली आणि आमच्याकडे पाठ करून फांद्या विंचरत राहिली. मी सहावा तुकडा घेतला.

संध्याकाळी मी आणि सुमन जीनोच्या दारातल्या बाकावर बसलो होतो. माझे हात-पाय दुखत होते, पण मन प्रसन्न.

"आज बरं जेवलात," सुमन म्हणाली.

"काय तोड काढली बाईंनी! नियम पण राहिला आणि मान पण राहिला. तात्यांना सांगायला हवं होतं."

"तात्यांनी ऐकली नसती."

"हां, ते खरं. तत्त्वाचा माणूस. बघ, आजसुद्धा तुला किती अभिमान आहे."

सुमन माझ्याकडे वळली. "कोणी सांगितलं तुम्हाला, मला अभिमान आहे?"

मला वाटलं, चेष्टा करते आहे.

"ते टोपी घालून उठले की मी आत जायचे," ती म्हणाली. "तुम्ही बाहेरून म्हणायचात, बघ, काय माणूस आहे! वर्षातून दोनदा, नऊ वर्षं. शेजारणी विचारायच्या, सासूबाई विचारायच्या, ते मी सोसलं. तात्यांनी तोंडाने कधी एक शब्द विचारला नाही हो. पण ते टोपी घालायचे ना. दर वेळी ते न जेवता उठले की मला नव्याने कळायचं, मला मूल नाही."

"तू कधी बोलली नाहीस."

"कोणाशी बोलू? तुम्ही दोघं एकाच बाजूचे वकील. शेवटच्या खेपेला मला दिवस गेले होते. सांगितलं त्यांना. इतके हरखले! म्हणाले, आता बारशाला येतो आणि तुझ्याकडे पोटभर जेवतो. आणि गेले."

गल्लीत कोणीतरी खिडकी लावून घेतली.

"मुक्ता डॉक्टरकडे जाते आहे," सुमन म्हणाली. "दर महिन्याला आशा लावते आणि रडते. तुम्हाला सांगू नकोस म्हणाली होती, मी सांगितलं. आज ती झाडामागे भूक नव्हती म्हणून नाही गेली. तुम्ही शेतात आनंदाने जेवत होतात, आणि तिचं घर वर दिसत होतं." मग तिने पदराने डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "चला, आत चला, गारठा पडलाय."

सहाव्या दिवशी सकाळी अकराला मी मुक्ताच्या घरी गेलो. असुंताबाई आणि पाओलो ऑलिव्ह घेऊन घाण्यावर गेले होते. मुक्ता एकटीच ओटा पुसत होती. ओटा आपल्या काळ्या ग्रॅनाइटचा, पाओलोने खास आणून बसवलेला. आमच्याकडचा दगड या घरात केव्हाच रुळला होता, मीच काय तो पेला धरून बसलो होतो.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. मला भूक लागली आहे."

"थांबा, डबा देते, खोलीवर—"

"खोलीवर नाही. इथे जेवायचं आहे."

तिने फडकं खाली ठेवलं. तिचा चेहरा एकदम लाल झाला. "बाबा, अजून काही नाहीये. आईने काही सांगितलं असेल तर तसं काही नाहीये."

"ठाऊक आहे मला. ते नाही म्हणून मला भूक लागू नये की काय?"

मी खुर्ची ओढून बसलो. "मुक्ता, मी चुकलो गं. पहिल्या दिवशीच बसायला हवं होतं."

मग तिची जी तारांबळ उडाली! घरात काही शिजवलेलं नव्हतं, सगळे घाण्यावर. "पाओलो येईपर्यंत थांबा, नीट काहीतरी करते." मी म्हटलं, "नक्को. आहे ते दे." होता कालचा पाव, दगडासारखा झालेला. तिने तो कुस्करला, सुमनने आणलेल्या पुड्यांतून मोहरी, हिंग, हळद काढली, आणि आपण शिळ्या पोळीला देतो तशी त्याला ऑलिव्हच्या तेलात फोडणी दिली. मोहरी तडतडली आणि ती पाठमोरी उभ्या उभ्या रडायला लागली. मी रडू दिलं. माझीही अवस्था काही फार वेगळी नव्हती.

त्या भागात पावात मीठ घालत नाहीत, आणि रडण्याच्या भरात मुक्ताही घालायची विसरली. मी सगळं खाल्लं आणि आणखी मागितलं. ती समोर हनुवटीखाली हात ठेवून बसली होती. दुसऱ्यांदा वाढताना तिने चिमूटभर तोंडात टाकलं.

"अय्यो, बाबा! मीठच नाही!"

"थोडं कमी आहे," मी म्हटलं.

ती इतकी हसली की डोळ्यांतलं पाणी ताटलीत पडलं. तेवढ्यात दार उघडून असुंताबाई आत आल्या, मागे तेलाचे डबे घेऊन पाओलो. बाईंनी मला पाहिलं, ताटली पाहिली, ताटलीतला चुरा पाहिला. दोन्ही हात तोंडावर नेले. मला वाटलं, आता रडतात. पण बाईंनी हात कमरेवर घेतले आणि तोंडाचा जो पट्टा सोडला, तो थांबेचना.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, नऊ पदार्थ केले तेव्हा यांचा नवस होता, आणि शिळा पाव बघून नवस सुटला?"

मी उठून बाईंना वाकून नमस्कार केला. या वेळी जवळ जाऊन. मग पाओलोचा हात धरून त्याला माझ्या खुर्चीवर बसवलं आणि कढईतला उरलेला पाव माझ्या हाताने त्याला वाढला. "जावईबापू, बसा," मी मराठीतच म्हटलं. मुक्ता भाषांतर करायला लागली, तो म्हणाला, नको, समजलं. मीठ नाही हे त्यालाही पहिल्याच घासाला समजलं असणार, पण मुलगा शहाणा आहे.

उरलेले सहा दिवस मी काय काय खाल्लं त्याची यादी दिली तर तुम्ही वाचणं सोडाल. ते नऊच्या नऊ पदार्थ बाईंनी पुन्हा केले, आणि तिथे पान पुसून खायचं नसतं हे सुमनवरून शिकलो असूनही मी तीच चूक केली. निघायच्या दिवशी सगळी मंडळी वेशीपर्यंत आली. जीनोने बॅग उचलली. मुक्ता आधी माझ्या गळ्यात पडली आणि बराच वेळ सोडेना. बसवाल्याने दोनदा भोंगा वाजवला, तिसऱ्यांदा मात्र वाजवला नाही.

हिमायतनगरला परत येऊन आता बरेच दिवस झाले. लोक विचारतात, इटली कशी आहे? मी त्यांना धुक्याचं सांगतो, कॉफीचं सांगतो, टेकड्यांवर चढून बसलेल्या गावांचं सांगतो. आमच्या भावकीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मुद्दाम विचारलं, "मग, नातवंडाची बातमी लागली म्हणून जेवलास ना?" मी त्यांना म्हटलं, "नाही, भूक लागली म्हणून जेवलो." मुक्ताला मूल होणार की नाही, हे तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. त्याचा जेवणाशी काही संबंध नाही, हे समजायला मला मात्र बासष्ट वर्षं आणि सात समुद्र लागले. आणि तेही मला आधी कोणी सांगितलं नाही असं नाही. सांगणारी घरातच होती, मी विचारलं नव्हतं.

म्हणून गेल्या रविवारी जेवताना मी सुमनला विचारलं, "तात्या बारशाला आले असते, तर तू त्यांना काय वाढलं असतंस?"

तिने हातातला घास खाली ठेवला. "आईच्या हातचं भरलं वांगं त्यांना फार आवडायचं," ती म्हणाली. "ताकातली चाकवताची भाजी आवडायची. पातळ धपाटं, वर लोणी."

"आणि तुझ्या हातचं?"

तिने भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

"माझ्या हातचं काय आवडलं असतं, ते मला कसं कळणार हो?" ती म्हणाली. "ते जेवलेच नाहीत."